सँडहिल क्रौंचाच्या शिकारीबद्दल विस्कॉन्सिनमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

विस्कॉन्सिनमधल्या सगळ्या मराठी दादा-ताईंना, काका-मावशींना,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत आरती झाल्यावर आपण ताटं हातात घेऊन उभे होतो, तेव्हा मी विषय काढला होता. सँडहिल क्रौंच या पक्ष्याची इथे शिकार सुरू करावी असं विधेयक पुन्हा आलंय, अशा विधेयकांवर जनसुनावण्या होतात, आपल्यातले चार जण तरी बोलायला जाऊया, एवढंच मी म्हटलं. त्यावर एक काका म्हणाले, "अगं, हा त्यांच्या घरातला मामला. आपण पोटापाण्यासाठी आलेली माणसं. त्यांचे पक्षी, त्यांच्या बंदुका, त्यांचं ते बघतील." आणि माझी एक मैत्रीण म्हणाली, "शेतकऱ्याचं पीक खात असतील तर मारू देत की. तू स्वतः शेतकऱ्याची मुलगी ना?"

काकांना काय सांगायचं ते मला तिथल्या तिथे सुचलं होतं. मैत्रिणीच्या प्रश्नाला मात्र त्या संध्याकाळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा प्रश्न रास्त आहे. त्यानंतर मी बरंच वाचलं, इथल्या मका लावणाऱ्या दोन-तीन शेतकऱ्यांशी बोलले, गावाकडे बाबांशी फोनवर बोलले. तेव्हा हे पत्र आधी तिच्यासाठी, मग काकांसाठी, आणि मग तुम्हा सगळ्यांसाठी.

मी गोंदिया जिल्ह्यातली. आमच्याकडे मामा तलाव आहेत, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, आणि त्यांच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळपास याच पट्ट्यात: गोंदिया, थोडा भंडारा, थोडा चंद्रपूर. मी सहावीत असताना रोवणी आटोपली आणि सारसाच्या एका जोडीने आमच्या मोठ्या बांधीत मधोमध घरटं घातलं. उपटलेला धान, पाणगवत, लव्हाळा असं सगळं ओढून आणून त्यांनी पाण्यातून वर येणारा ढीग रचला, बैलगाडीच्या चाकाएवढा. भोवतालचा धान तुडवला गेला. बाबा पहिल्या दिवशी धुऱ्यावर उभे राहून नुसते बघत होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. राग होता, आणि रागाखाली काळजी होती, कारण त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता आणि परे, म्हणजे धानाची रोपं, कशीबशी जगवली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरट्याभोवतीचा तुकडा सोडून बाकीचं निंदण काढलं. महिनाभर नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसली. दोन अंडी होती, पिल्लू एकच जगलं. धान कापताना बाबांनी अंदाज केला, दोन-तीन पायल्या गेल्या असतील. त्या कोणी भरून दिल्या नाहीत, आणि त्यांनीही कोणाकडे मागितल्या नाहीत.

परवा फोनवर त्यांना मी इथली सगळी भानगड सांगितली. मका, क्रौंच, विधेयक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पक्षी खाते त खाते. पण त्याचा भुर्दंड एकट्या शेतकऱ्यानं काहून भरावं?" मला वाटतं, या राज्यात दहा-पंधरा वर्षं चाललेल्या वादाचं मर्म या एका वाक्यात आहे. म्हणून पुढचं सगळं मी याच वाक्याला धरून लिहिते.

आधी पक्ष्याबद्दल. तुमच्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलाय, नाव माहीत नसेल इतकंच. मॅडिसनच्या बाहेर पडलं की ओलसर कुरणात, मक्याच्या रानात, कधी ऑफिसच्या आवारातल्या तळ्याकाठी राखाडी रंगाचे, उंच मानेचे, कपाळावर लाल टिळा असलेले दोन पक्षी सावकाश चालत असतात. तो सँडहिल क्रौंच. आपला सारस आणि हा एकाच कुळातले, शास्त्रीय नावातलं पहिलं पद दोघांचंही अँटिगोनी. सारस पुरुषभर उंच, हा त्याच्यापेक्षा बराच लहान. पण जोडीने मान वर करून घातलेली साद तीच. नराच्या एका हाकेला मादीच्या दोन हाका, इतक्या बेमालूम मिसळलेल्या की ऐकणाऱ्याला एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते, त्यामुळे तो आवाज मैल-दोन मैल सहज जातो. इथे आले त्या पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये पहाटे खिडकीतून ती साद आली. मी अंथरुणात उठून बसले. काही क्षण मला कळेना की मी कुठे आहे. वसंतात हे पक्षी चोचीने चिखल घेऊन पिसांना फासतात, त्यातल्या लोहामुळे अंग तांबूस होतं. आमच्या गावाकडे पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठवतात, तो रंग मला त्यांच्या पाठीवर दिसतो.

हा पक्षी या राज्यातून जवळजवळ गेलाच होता. दलदली आटवून शेतं केली, आणि मिळेल तिथे गोळी घातली, त्यामुळे १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये वीण घालणाऱ्या सुमारे २५ जोड्या उरल्या होत्या. पंचवीस! गोंदिया जिल्ह्यात आज सारस तीसच्या आसपास आहेत, म्हणजे साधारण तीच गत. तिथून इथला क्रौंच परत आला, कारण १९१६ चा स्थलांतरित पक्ष्यांचा करार आणि १९१८ चा कायदा यांनी बंदूक थांबवली, आणि पुढे पाणथळ जागा राखल्या गेल्या. आज अमेरिकेच्या पूर्व भागातली त्यांची संख्या नव्वद हजारांच्या वर मोजली जाते. या राज्याने केलेलं हे फार मोठं काम आहे, आणि हे काम करणाऱ्यांत शिकारी होते हे मला इथे आवर्जून लिहायचंय. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून दलदली विकत घेऊन राखल्या जातात. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९३३ साली वन्यजीव व्यवस्थापनाचं पहिलं अध्यासन ज्यांच्यासाठी निर्माण झालं, ते अल्डो लिओपोल्ड स्वतः शिकारी होते, आणि क्रौंच नाहीसा होण्याचं दुःख त्यांच्याइतकं इथे कोणी बोलून दाखवलं नाही. तेव्हा सुनावणीला जाऊन शिकाऱ्यांना खुनी म्हणायचा विचार कोणाच्या मनात असेल तर कृपा करून तो काढून टाका. ते खोटं आहे आणि आपल्याला शोभणारं नाही. मी स्वतः मटण खाते. माझा मुद्दा मांस खावं की नाही हा नाहीच.

आता विधेयकाकडे. ही मागणी जुनी आहे. २०१२ मध्ये आली, २०२१ मध्ये आली. २०२४ मध्ये विधिमंडळाने क्रौंचांसाठी अभ्यास समिती बसवली आणि २०२५ मध्ये त्यातून पुन्हा विधेयक उभं राहिलं. आजूबाजूला उदाहरणं आहेत: केंटकीत २०११ पासून, टेनेसीत २०१३ पासून, अलाबामात २०१९ पासून हंगाम चालतो. टेक्सास, न्यू मेक्सिको अशा मधल्या पट्ट्यातल्या राज्यांत तर १९६१ पासूनच. शिकारी मंडळींत या पक्ष्याच्या मांसाला 'आकाशातला रिबआय' म्हणतात, इतकं ते चवदार असतं म्हणे. पण विधेयकाच्या बाजूने जे सगळ्यात जोरात सांगितलं जातं ते चवीचं कारण नाही, मक्याचं आहे.

मैत्रिणी, मक्याचं नुकसान खरं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. मे महिन्यात पेरणी होते, आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. क्रौंच ओळीच्या एका टोकाला उभा राहतो आणि सरळ चालत जातो. कोंब दिसला की त्याच्याशेजारी चोच घालतो, खालचा दाणा उचलतो, कोंब तसाच आडवा. पुढचा. त्याच्या पुढचा. ओळ सुटत नाही, कारण आपणच ती यंत्राने इतकी सरळ पेरून ठेवलेली असते. वीण न घालणाऱ्या तरुण पक्ष्यांचा थवा उतरला तर एका सकाळीत एकरच्या एकर मोकळं होतं. दुबार पेरणी करावी लागते, उशीर झाला म्हणजे उतारा घटतो. इथला उन्हाळा केवढासा! कोंब उगवून दोन-तीन आठवडे झाले, दाण्यातला जीव रोपात गेला की क्रौंचाला त्यात काही उरत नाही. म्हणजे सगळा खेळ मे आणि जूनच्या सुरुवातीच्या दिवसांचा आहे.

आणि शिकारीचा हंगाम कधी? शरद ऋतूत. सप्टेंबरपासून पुढे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्या समजण्यात चूक झाली. पुन्हा वाचलं. इतर राज्यांत क्रौंचाची शिकार चालते ती शरदात नाहीतर हिवाळ्यात, कारण स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीला संघराज्याचा कायदा विणीच्या दिवसांत परवानगी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग मेमध्ये ज्याचा मका गेला त्याला ऑक्टोबरमधल्या गोळीने काय मिळणार? शरदात नदीकाठच्या वाळूपट्ट्यांवर हजारो क्रौंच एकत्र उतरतात. त्यातला कोणता कुठल्या शेतात चरला हे कोण सांगणार? कदाचित तो मिशिगनचा असेल, कदाचित कॅनडाचा. त्याने विस्कॉन्सिनच्या मक्याला चोचही लावलेली नसेल.

यावर काही जण म्हणतात, एकूण संख्या कमी झाली की नुकसानही कमी होईल. तशी संख्या खाली आणायची तर दरवर्षी फार मोठ्या प्रमाणावर मारावे लागतील, आणि तेवढी परवानगी या पक्ष्याबाबत मिळणार नाही. २०१० मध्ये ठरलेल्या पूर्वेकडच्या व्यवस्थापन आराखड्यात शिकारीवर कडक मर्यादा आहे, मोजके परवाने दिले जातात. म्हणूनच मी असं म्हणत नाही की शिकार सुरू झाली तर क्रौंच संपेल. तो संपणार नाही. पण मर्यादेतली शिकार पक्ष्याला संपवत नाही, तशी ती नुकसानही संपवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यातून निघतात.

उलट एक गोष्ट शेतकऱ्यांना ठाऊक आहे आणि वादात ती कोणी काढत नाही. घरटं असलेली जोडी आपल्या हद्दीत दुसऱ्या क्रौंचांना उतरू देत नाही. हाकलून लावते. ती जोडी गेली की शेत मोकळ्या थव्याला खुलं होतं. आमच्या बांधीतल्या सारसांनीही त्या मोसमात दुसरा सारस फिरकू दिला नव्हता.

आता बाबांचं वाक्य. भुर्दंड एकट्या शेतकऱ्याने का भरावा? हरणाने, अस्वलाने, कॅनडा हंसाने, टर्कीने पीक खाल्लं तर विस्कॉन्सिनमध्ये शेतकऱ्याला भरपाईची योजना आहे. क्रौंचाने खाल्लं तर नाही. का, तर ती योजना शिकारीच्या परवान्यांच्या पैशावर उभी आहे, आणि ज्या पक्ष्याची शिकार होत नाही त्याचं नुकसान त्यात बसत नाही. खरी गाठ इथे आहे. शेतकरी शिकारीच्या बाजूने उभा राहतो तो अनेकदा बंदुकीच्या हौसेने नाही. हंगाम सुरू झाला तरच आपलं नुकसान सरकारदरबारी नुकसान ठरेल, हे त्याला दिसतं. एका शेतकऱ्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून हेच सांगितलं. मी त्यांना विचारलं, भरपाई मिळाली आणि बियाण्याच्या लेपाचा खर्च कोणी उचलला तर? ते म्हणाले, मग पक्ष्याशी माझं काही वैर नाही.

लेपाबद्दल सांगायला हवं, कारण आपल्यात हे फारसं कोणाला माहीत नसतं. अँथ्राक्विनोन नावाचं द्रव्य पेरणीआधी बियाण्याला चोळतात. क्रौंच दोन-चार दाणे खातो, त्याचं पोट बिघडतं, आणि तो मका सोडून देतो. मरत नाही. शेतही सोडत नाही. त्याच शेतात गेल्या हंगामातले सांडलेले दाणे, अळ्या, किडे वेचत राहतो. नुसते भोंगे वाजवून किंवा गोळ्या झाडून हाकललं तर थवा उठून शेजाऱ्याच्या रानात उतरतो, म्हणजे त्रास एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जातो. लेपाने तसं होत नाही. या उपायावर बॅराबूच्या आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठानाने इथल्याच शेतांवर वर्षानुवर्षं काम केलंय. अडचण एकच: एकरामागे होणारा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. अभ्यास समितीपुढे या खर्चाला मदत देण्याचा मुद्दा आला होता. माझं म्हणणं इतकंच आहे की तो मुद्दा वेगळा काढा आणि तोच मंजूर करा. क्रौंच हा सगळ्या राज्याचा असेल तर त्याचं खाणंही सगळ्या राज्याने घालावं. माझ्या करातले पैसे त्यात गेले तर मला आनंद होईल. माझ्या बाबांना ज्या दोन-तीन पायल्या कोणी दिल्या नाहीत, त्या इथल्या शेतकऱ्याला मिळायला हव्यात.

एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडते, कारण समोरून तो येईल आणि त्याला उडवून लावता येणार नाही. आजही नुकसान होणाऱ्या शेतकऱ्याला संघराज्याकडून क्रौंच मारण्याचा खास परवाना मिळू शकतो. त्या परवान्यावर मारलेल्या पक्ष्याचं मांस खाता येत नाही, तो वाया जातो. शिकारी म्हणतात, एवीतेवी मारताच आहात तर अन्न तरी होऊ द्या. अन्न टाकू नये हे आपल्यालाही लहानपणापासून शिकवलंय, आणि मला त्यांचं हे म्हणणं मनापासून पटतं. पण त्यातून निघतं ते एवढंच की त्या परवान्याचा नियम सुधारा, आणि लेप स्वस्त करून तसे परवाने लागूच नयेत असं करा. त्यातून शरदातला नवा हंगाम निघत नाही.

माझा विरोध का आहे तेही सांगते. क्रौंच हा सावकाश वाढणारा पक्षी आहे. बदक डझनभर अंडी घालतं. क्रौंचाची मादी दोन घालते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू मोठं होतं. पहिली वीण यशस्वी व्हायला अनेकदा चार-पाच वर्षं जातात. उत्तर अमेरिकेत ज्या पक्ष्यांची शिकार होते, त्यांत सगळ्यात कमी पिल्लं वाढवणारा हाच. ते पिल्लू पहिला हिवाळा आईबापांसोबत काढतं, दक्षिणेची वाट त्यांच्या मागे उडून शिकतं. कुठे उतरायचं, कुठली नदी, कुठली दलदल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जो क्रौंच उडताना दिसतो त्याच्यामागे अनेकदा असं एक पिल्लू असतं, आणि खालून बंदूक धरणाऱ्याला आई कोणती, बाप कोणता, गेल्या वर्षीचा तरुण कोणता हे कळत नाही. जोड्या वर्षानुवर्षं टिकतात. एक गेला तर दुसरा नवा जोडीदार शोधतो हे खरं आहे, पण मध्ये वीण बुडते. अशा पक्ष्याची शिकार करायचीच असेल तर त्याला फार मोठं कारण हवं. मक्याचं कारण टिकलं नाही, तर मग उरतं काय?

शिवाय दुसरा क्रौंच आहे. पांढराशुभ्र हूपिंग क्रौंच, पाच फूट उंच. १९४१ साली सगळ्या जगात तो वीस-बावीस एवढाच उरला होता. २००१ पासून विस्कॉन्सिनच्या नेसीडाह अभयारण्यात त्याची पिल्लं वाढवून, चिमुकल्या विमानामागे उडायला शिकवून, फ्लोरिडापर्यंत नेली गेली. माणसांनी पांढरे झगे घालून, तोंडातून शब्द न काढता ती वाढवली, माणसाची सवय लागू नये म्हणून. आज हा पूर्वेकडचा थवा शंभराच्याही आत आहे, आणि हे पक्षी सँडहिलच्या थव्यांतच चरतात, उडतात. त्यांचं पिल्लू पांढरं नसतं, तांबूस-बदामी असतं. पहाटेच्या धुक्यात ते कसं ओळखणार? २००९ मध्ये इंडियानात याच थव्यातली एक मादी गोळी घालून मारली गेली. या थव्यात रानात जन्मलेलं पहिलं पिल्लू मोठं करणारी आई होती ती. तिथे कोणताही हंगाम नव्हता, मारणाऱ्यांना दंड झाला तो एक डॉलर. हा आकडा वाचून मी कितीतरी वेळ काहीच करू शकले नाही.

आणि या राज्यात हंगामाचा आकडा पाळला जाईल यावर माझा विश्वास का बसत नाही, तेही लिहिते. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे लांडग्यांची शिकार खुली झाली. परवानाधारकांसाठी मर्यादा ११९ लांडग्यांची होती. तीन दिवस पूर्ण व्हायच्या आत हंगाम थांबवावा लागला आणि मोजणी झाली तेव्हा आकडा दोनशेच्या वर गेला होता. तिथे चुकलं ते हंगाम बंद करण्याच्या नियमांत, प्रत्येक शिकाऱ्याला मी दोष देत नाही. पण झालं ते झालं. लांडगी एका वेळी पाच-सहा पिल्लं देते, क्रौंच एक.

आता काकांना. काका, तुम्ही म्हणालात, त्यांचे पक्षी. त्यांचे म्हणजे कोणाचे? हा पक्षी उन्हाळा विस्कॉन्सिनात काढतो, हिवाळा जॉर्जिया-फ्लोरिडात. मधल्या वाटेवर कितीतरी राज्यं लागतात. ओजिब्वे लोकांत क्रौंच हे कुळ आहे. अजिजाक म्हणतात ते त्याला. त्या कुळाकडे नेतृत्व असतं, सगळ्यांच्या वतीने बोलायचा मान असतो. हक्क सांगायचाच तर त्यांचा आपल्या सगळ्यांच्या आधीचा. आपण इथे घर घेतलं, मुलं इथल्या शाळेत घातली, कर भरतो, ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या ठेल्यावरून डझनाने कणसं आणतो आणि भाजून तिखट-मीठ-लिंबू लावून खातो. तो मका ज्याच्या शेतातला, त्याचं नुकसान आपलं नाही? तो पक्षी आपल्या खिडकीखाली पिल्लं वाढवतो, तो आपला नाही? आपण पाहुणे असू, तर पाहुण्यानेही घरात काही चुकतंय असं दिसलं की सांगावं. आणि मला तर इथे येऊन चौदा वर्षं झाली. मी स्वतःला पाहुणी समजत नाही.

नागरिकत्व नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. मॅडिसनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधानभवनात, विधेयकावर समितीची जनसुनावणी असते तेव्हा दारातच एक छोटी चिठ्ठी भरायची असते: बाजूने, विरोधात, की फक्त माहितीसाठी. बोलायचं असेल तर बोला, नसेल तर विरोध नोंदवून मागे बसा. मतदार ओळखपत्र कोणी विचारत नाही. लेखी म्हणणंही देता येतं. दर एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन संवर्धन काँग्रेस या नागरिकांच्या सल्लागार संस्थेची वसंत सुनावणी होते, शिकार-मासेमारीच्या नियमांवर लोकांचं मत तिथे घेतलं जातं, आता ते संगणकावरूनही देता येतं. शिकारी तिथे नेमाने जातात. म्हणूनच त्यांचं ऐकलं जातं. २००३ मध्ये इथे होल्यांची शिकार सुरू झाली. हाच होला १९७१ पासून राज्याचं शांततेचं प्रतीक होता. त्याच वर्षी शिकारीचा हक्क राज्यघटनेतही घातला गेला. त्या निर्णयांच्या आधी कोण बोललं आणि कोण घरी बसलं, याचा त्यात वाटा होता.

तुम्ही बोललात तर तीन गोष्टी बोला अशी माझी विनंती आहे. मक्याचं नुकसान खरं आहे, त्याची भरपाई शिकारीशी न जोडता द्या. बियाण्याच्या लेपाचा खर्च राज्याने उचलावा. आणि शरदातला हंगाम या दोन्हींतलं काहीच करत नाही. पक्षी सुंदर आहे, हे सांगायची गरज नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, बंदूकवाल्यालाही.

गोंदियाची एक गोष्ट राहिली. आमच्याकडे सारसावर कोणी गोळी झाडत नाही. कायद्याने बंदी आहे आणि लोकांच्या मनातही नाही. तरी सारस कमी झाला. उच्चदाबाच्या तारा तलावांवरून, बांध्यांवरून गेल्या, त्यांना लागून पक्षी मेले. फवारण्या वाढल्या, तलाव आटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला २०२१ मध्ये स्वतःहून या प्रश्नात लक्ष घालावं लागलं. आमच्या बांधीतल्या जोडीतला एक असाच तारेला लागून गेला. मी तेव्हा कॉलेजात होते, नागपूरला. दुसरा पुढे दोन पावसाळे त्याच बांधीत एकटा येत राहिला. आई सांगायची, हाक द्यायचा आणि थांबायचा. म्हणून इथली शिकार थांबली की काम झालं असं मी मानत नाही. दलदली राखायच्या आहेत, तारांवर लक्ष ठेवायचंय. पण ज्या राज्याने पंचवीस जोड्यांपासून हा पक्षी परत आणला, त्याने आता शेतकऱ्याच्या नावावर त्याच्याकडे बंदूक वळवू नये.

एप्रिलमधल्या एका शनिवारी इथे क्रौंचांची गणती असते. १९७६ मध्ये कोलंबिया काउंटीत सुरू झाली, आता आजूबाजूच्या राज्यांतही होते. पहाटे साडेपाच ते साडेसात ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि जेवढे दिसतील, ऐकू येतील तेवढे लिहून घ्यायचे. जोडीची साद वेगळी नोंदवायची. मी गेली सहा वर्षं एका ओढ्याच्या पुलावर उभी राहते. थंडी असते, हातमोजे लागतात, मी थर्मासमध्ये आल्याचा चहा नेते. माझ्या गाडीत तिघांना जागा आहे. काका, मैत्रिणी, येताय का ते गुढीपाडव्यापर्यंत सांगा. जागेची नोंदणी आधी करावी लागते.

तुमची,
गोंदियाची एक लेक, आता डेन काउंटीची रहिवासी